देहूच्या वाण्याची वही

आज फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजेच तुकाराम बीज. इंद्रायणीकाठच्या देहू क्षेत्री आज मध्यान्ही वारकऱ्यांचा अपार मेळा जमेल आणि नांदुरकीच्या वृक्षाभोवती नामघोष होईल. आपल्या या किनाऱ्यावरही देवळांच्या चौकांत सायंकाळी समया उजळतील, पखवाजावर थाप पडेल आणि तुकोबांचे अभंग पहाटेपर्यंत चालतील. गोमंतकात असे एकही गाव नसेल, जेथे भजनाच्या बैठकीला तुकोबांवाचून रंग चढतो. हे सारे योग्यच आहे आणि आनंदाचेही आहे. परंतु ज्या माणसाला आपण संत म्हणून टाळ-मृदंगाच्या गजरात आठवतो, तो माणूस आपल्यासारखाच एक संसारी दुकानदार होता याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. त्याच्या हाती वीणा येण्यापूर्वी तराजू आला होता आणि अभंगाची वही लिहिण्यापूर्वी त्याने उधारीची वही लिहिली होती. आजच्या दिवशी त्या वाण्याचे चरित्र पुन्हा एकवार डोळ्यांसमोर आणावे, असे आम्हांस वाटते.

तुकोबांविषयी लोकांत एक समज खोल रुजलेला आहे. तो असा की, ते भोळे होते, व्यवहारशून्य होते, त्यांनी धंदा बुडविला, घराकडे पाठ फिरविली आणि बायकोमुलांना उपाशी ठेवून ते डोंगरावर जाऊन बसले. भाविक माणूस हा समज कौतुकाने सांगतो, तर व्यवहारी माणूस उपहासाने सांगतो. पण दोघेही सांगतात तेच. वस्तुतः चरित्रातील घटना क्रमाने लावून पाहिल्या, तर हा समज टिकत नाही.

तुकोबांचे घराणे देहूचे. आडनाव मोरे, उपनाव आंबिले. जातीने कुणबी, आणि पिढीजात व्यवसाय किराण्याचा व सावकारीचा. गावच्या पेठेची महाजनकी याच घराण्याकडे होती. महाजन म्हणजे बाजाराचा मानकरी. घरात विठ्ठलभक्तीही तितकीच जुनी. विश्वंभर नावाचे पूर्वज पंढरीचे नेमस्त वारकरी होते आणि देहूतील विठ्ठल-रखुमाईची स्थापना त्यांनीच केली, असे परंपरा सांगते. अशा घरात बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. जन्मवर्षाविषयी संशोधकांत मतभेद असले, तरी 1608 हे वर्ष आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा, आणि मधले तुकोबा. म्हणजे पेठेत दुकान, शिवारात शेत, दारी देऊळ आणि घरात पंढरीची वारी, असा हा भरला संसार होता. येथे देव आणि दुकान यांत भांडण नव्हते. सकाळी पूजा आटोपून दुकानाची फळी उघडावी, दिवसभर मापे भरावीत आणि रात्री दिवाबत्तीनंतर देवळात भजनाला बसावे, हा त्या घराचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम होता.

सावजीचे मन प्रपंचात रमत नव्हते. त्यामुळे बोल्होबांनी दुकानाचा भार मधल्या मुलावर टाकला, तेव्हा तुकोबांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरेत सांगतात. आज ज्या वयात मुलगा शाळेची पाटी-पुस्तके सांभाळतो, त्या वयात या मुलाने खतावणी सांभाळली. आणि सुरुवातीची काही वर्षे ती उत्तम सांभाळली, असेच चरित्रकार म्हणतात. लहान वयातच त्यांचे दोन विवाह झाले. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी दुसरे लग्न लावून दिले. ही दुसरी पत्नी म्हणजे पुण्याचे सावकार अप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई, जिला सारा महाराष्ट्र आवली या नावाने ओळखतो. धंद्यात मान, घरात माणसे, सासर सधन, असा हा काळ होता. तुकोबांना व्यवहार कळत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी ही वर्षे लक्षात घ्यावीत.

मग संकटे एकापाठोपाठ एक कोसळली. तुकोबा सतरा वर्षांचे असताना आईवडील निवर्तले. पुढल्याच वर्षी सावजीची पत्नी वारली आणि तो विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेला. बहीणभावांचे, बायकामुलांचे सारे ओझे आता एकट्या तुकोबांच्या खांद्यावर आले. आणि त्याच सुमारास दख्खनवर तो भीषण दुष्काळ आला. 1630 ते 1632 या काळातील हा दुष्काळ गुजरातपासून दख्खनपर्यंत पसरला होता. मोगली तवारिखकारांनीही त्याची हृदयद्रावक वर्णने करून ठेवली आहेत. पावसाने दगा दिला, पिके गेली, जनावरे मेली आणि माणसे अन्नासाठी देशोधडीला लागली. पुणे प्रांतावर तर दुहेरी आघात झाला. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने जाळून उद्ध्वस्त केले. ज्या बाजारपेठांशी देहूच्या वाण्याची देवघेव चालत असे, त्या पेठाच राहिल्या नाहीत.

दुष्काळात दुकानदाराची स्थिती फार विलक्षण असते. त्याच्या कोठारात चार पोती धान्य असते, आणि दारात उपाशी माणसे उभी असतात. त्या चार पोत्यांचे सोने करता येते आणि पुण्यही करता येते. मात्र दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत. तुकोबांनी काय केले हे लोकस्मृतीने जपून ठेवले आहे. त्यांनी भुकेल्यांना दिले. उधारीवर दिले आणि उधारी फिटण्याची आशा नसतानाही दिले. परिणाम व्हायचा तोच झाला. भांडवल आटले, गुरे मेली, पत गेली आणि दिवाळे निघाले. अन्नावाचून तळमळत रखुमाबाईने प्राण सोडला, आणि तिच्यामागोमाग थोरला मुलगा संतोबाही गेला. ही हकीकत केवळ पुढच्या चरित्रकारांनी रचलेली नव्हे. स्वतः तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात आईबापांचे जाणे, दुष्काळातील अपमान, पत्नीचा अन्नाविना झालेला अंत आणि धंद्यात आलेली खोट यांचा उल्लेख फार संयमाने केला आहे. त्यात आक्रोश नाही आणि कोणावर दोषारोपही नाही. जे घडले ते एखाद्या प्रामाणिक दुकानदाराने जमाखर्च मांडावा तसे त्यांनी मांडले आहे. मात्र त्या हिशेबाच्या तळाशी लज्जेचा आणि दुःखाचा आकडा आहे, आणि तो वाचताना आजही अंतःकरण गलबलते.

दिवाळे निघाले म्हणून तुकोबा लगेच डोंगरावर गेले, असे नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा धंदा उभा करण्याचा यत्न केला. सासरच्या मंडळींनी हात दिला, आप्तेष्टांनी भांडवल दिले. ताहराबादचे महिपती यांनी 1762 मध्ये भक्तविजय आणि 1774 मध्ये भक्तलीलामृत पुरे केले. या ग्रंथांत तुकोबांच्या व्यापाराच्या कथा तपशिलाने आल्या आहेत. त्यांतली एक कथा आपल्या किनाऱ्याच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. तुकोबा मिरच्यांच्या गोणी भरून घाट उतरून कोकणात विक्रीस आले. गिऱ्हाईक जमले. तुकोबांनी माप स्वतः न धरता गिऱ्हाइकांनाच घेऊ दिले. ज्याने त्याने आपल्या हाताने माप भरावे आणि आपल्या मनाने दाम द्यावे. अशा व्यवहारात काय उरणार? देवानेच येऊन वसुली केली, असे कथा सांगते. पुढे परतीच्या वाटेवर एका ठकाने त्यांना सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी खरी म्हणून विकली आणि हाती आलेले द्रव्यही गेले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली मिरची घाटावरचा वाणी पुन्हा समुद्राच्या दिशेने विकावयास आणतो, यात इतिहासाची मोठी गंमत आहे. आणि त्याला ठकविणारा माणूस मात्र कोणत्याही काळात, कोणत्याही वाटेवर भेटतोच.

दुसरी कथा जिजाईच्या भांडवलाची. तिने आपल्या शब्दावर दोनशेचे कर्ज काढून नवऱ्याच्या हाती दिले आणि माल भरून पाठविले. या फेरीत तुकोबांनी चोख व्यापार केला, दोनशेचे अडीचशे केले. परंतु परतताना कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण त्यांना दिसला. सावकाराचा तगादा त्याच्या मागे लागला होता. तुकोबांनी ती सारी रक्कम त्याच्या कर्जफेडीसाठी देऊन टाकली आणि रिकाम्या हातांनी घरी आले. या कथेतील बारीक खूण अशी की, तुकोबांना नफा करता येत होता. त्यांना जे जमत नव्हते ते एवढेच, की समोर माणूस बुडत असताना आपला नफा जपून ठेवणे. याला व्यवहारशून्यता म्हणायचे की आणखी काही, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या दुकानाच्या गादीवर बसून करावा.

तरीही या प्रसंगांतील जिजाईच्या बाजूचा विचार न करणे अन्यायाचे होईल. भोळ्या भाविकांनी आणि कीर्तनकारांनी तिला तीनशे वर्षे कजाग ठरविले. उसाची मोळी घेऊन निघालेले तुकोबा वाटेत मुलांना ऊस वाटून एकच कांडे घरी आणतात आणि आवली त्याच उसाचा त्यांच्या पाठीवर प्रहार करते, ही कथा सांगून आपण हसतो. पण सधन सावकाराची ही मुलगी दिवाळखोराच्या घरी नांदली, हे आपण पाहत नाही. तिने उसनवारी करून चूल पेटविली, मुले वाढविली आणि विठ्ठलाला शिव्या देत देत त्याच विठ्ठलाच्या भक्ताला जेवू घातले. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत तेव्हा ती रोज भाकरी बांधून डोंगर चढून जात असे आणि त्यांना शोधून जेवू घातल्याशिवाय स्वतः अन्न घेत नसे. तिची भक्ती देवघरातील नव्हती, चुलीपाशी होती. 1936 साली प्रभात कंपनीने काढलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात विष्णुपंत पागनिसांनी तुकोबा उभे केले आणि गौरी यांनी जिजाई उभी केली. पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो बोलपट गौरविला गेला, त्यात या जिजाईचा वाटा लहान नव्हता. त्या बोलपटाने बहुधा प्रथमच सामान्य प्रेक्षकाला जिजाईच्या रागामागचे प्रेम दाखविले.

आता या चरित्रातील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे वळावयाचे. धंद्यातून मन उठले, तेव्हा तुकोबा देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर चिंतनास बसले. पंधरा दिवसांच्या एकांतानंतर त्यांना हवे ते गवसले, असे परंपरा सांगते. धाकटा भाऊ कान्होबा रानोमाळ शोधत आला आणि दोघे भाऊ इंद्रायणीकाठी भेटले. त्या वेळी तुकोबांनी घरातील सारी खतपत्रे आणविली. पिढ्यानुपिढ्यांच्या सावकारीत लोकांकडे येणे असलेल्या रकमांचे ते कागद होते. दुष्काळाने मोडलेल्या कुळांच्या गळ्याभोवतीचे ते फास होते असे म्हटले तरी चालेल. सारेच कागद नदीत टाकावेत असे तुकोबांच्या मनात होते. पण कान्होबाने नम्रपणे सांगितले की, आपण साधुवृत्तीचे आहात, मला मात्र माझा संसार चालवायचा आहे. तुकोबांना ते पटले. त्यांनी कागदांचे दोन सारखे भाग केले. एक भाग कान्होबाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचा भाग इंद्रायणीत सोडला.

या प्रसंगातील त्यागाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस त्यातील वाटणी अधिक मोलाची वाटते. ज्या माणसाला धनाची विटाळासारखी शिसारी आली होती, त्याने भावाच्या हक्काच्या कागदाला हात लावला नाही. आपले वैराग्य त्याने भावाच्या मुलाबाळांवर लादले नाही. बुडविले ते स्वतःचे येणे. कान्होबाचे येणे जसेच्या तसे त्याच्या स्वाधीन केले. उदारपणा नेहमी आपल्या खिशातून करावा, दुसऱ्याच्या नव्हे, हा व्यवहाराचा पहिला नियम आहे. तो देहूच्या या वाण्याने आपल्या आयुष्यातील अत्यंत उत्कट क्षणीही मोडला नाही. भोळा माणूस अशी वाटणी करीत नसतो. ज्याला आपल्या वहीचा शेवटचा आकडा ठाऊक असतो आणि त्या आकड्याची खरी किंमतही ठाऊक असते, तोच ती करू शकतो. आणि ज्यांचे कागद बुडाले त्यांच्या घरी त्या रात्री काय घडले असेल? इतिहासाने त्या कुणब्यांची नावे टिपून ठेवली नाहीत. पण दुष्काळातून कसेबसे वाचलेल्या त्या माणसांना पुढच्या पेरणीचे पीक आपले म्हणता आले असेल. मराठी मुलखातील ती एक फार थोर कर्जमुक्ती होती, आणि ती कोणत्याही फर्मानावाचून झाली.

यानंतर तुकोबांनी पहिले काम कोणते केले? पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. पैसा नव्हता, म्हणून स्वतःच्या हातांनी दगड-माती वाहिली. आपल्या किनाऱ्यावरील हिंदूला या एका गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तुकोबा देहूत मोडके देऊळ सावरीत होते, त्याच्या पाऊण-एक शतक आधीपासून तिसवाडी, बार्देश व साष्टी या महालांतील देवळे पोर्तुगीज सत्तेने जमीनदोस्त केली होती. देवांच्या मूर्ती रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात आणि अन्यत्र नेल्या गेल्या होत्या. ज्या पिढ्यांनी आपला देव डोक्यावर घेऊन परमुलखाची वाट धरली, त्यांच्या वंशजांना मोडक्या देवळाला माती लावणाऱ्या माणसाविषयी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. आणखी एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. तुकोबा आठ वर्षांचे असताना, म्हणजे 1616 साली, साष्टीतील राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघाले. मराठीच्या गोडव्याची जाण त्या परदेशी धर्मोपदेशकालाही होती. त्याच्या ग्रंथाला छापखाना मिळाला. देहूच्या वाण्याच्या अभंगांना मात्र छापील कागद पाहावयास अडीचशे वर्षे थांबावे लागले. तोवर ते लोकांच्या कंठात आणि हस्तलिखित वह्यांत राहिले.

अभंगरचनेची प्रेरणा स्वप्नात झाली, असे तुकोबा सांगतात. नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन आपले अपुरे राहिलेले कार्य सोपविले, आणि बाबाजी चैतन्यांनी स्वप्नातच माघ शुद्ध दशमीला गुरुमंत्र दिला. त्यानंतर जी वाणी वाहू लागली, तिच्यात वेदान्त जितका आहे तितकाच बाजारही आहे. माप, तराजू, भांडवल, नफा, तोटा, खोटे नाणे, देणे आणि येणे या साऱ्यांचे दाखले त्यांच्या अभंगांतून सहज येतात, कारण ते त्यांच्या हाताखालून गेलेले होते. पंडिताला ग्रंथातून जे दृष्टांत शोधावे लागतात, ते या दुकानदाराला पेठेतच सापडले.

तेच काही जणांना खुपले. शूद्राने वेदार्थ सांगावा काय, हा प्रश्न उभा राहिला. वाघोलीचे विद्वान रामेश्वर भट्ट यांच्या निवाड्यानुसार अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एकदा स्वतःच्या हाताने कर्जाचे कागद बुडविणाऱ्या माणसाला आता स्वतःच्या वाणीचे कागद बुडवावे लागले. पहिला त्याग होता, दुसरा अन्याय. तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून नदीकाठच्या शिळेवर धरणे देऊन बसले. वह्या पाण्यावर कोरड्या तरंगून आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. गावोगावच्या लोकांना अभंग तोंडपाठ होते, म्हणून ते तरले, असे चिकित्सक म्हणतात. आमच्या मते या दोन मतांत वाटते तेवढे अंतर नाही. लोकांच्या हृदयात जे उतरले ते नदीला बुडविता आले नाही, एवढे दोघांनाही मान्य आहे. पुढे रामेश्वर भट्ट स्वतःच तुकोबांचे शिष्य झाले. देहूच्या मंबाजी गोसाव्याने काटेरी फांद्यांनी तुकोबांना झोडपले, तेव्हा रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही म्हणून तुकोबाच त्याला बोलवावयास गेले, हीही कथा सर्वश्रुत आहे.

त्यांच्याभोवती जी माणसे जमली, ती पाहण्यासारखी आहेत. चाकणचे तेली संताजी जगनाडे अभंग लिहून घेत. घाण्यावर बसणाऱ्या या माणसाच्या हातची वही हा आज गाथेच्या अभ्यासकांचा मोठा आधार आहे. गंगाराम मवाळ हे ब्राह्मण, तेही लेखक. शिऊरच्या बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानलेल्या तुकोबांना स्वप्नात गुरू केले, आणि पुढे देहूत येऊन राहिल्यावर तिथे जे पाहिले ते आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदविले. तुकोबांच्या जीवनाविषयी समकालीन व्यक्तीने दिलेली ही साक्ष अमूल्य आहे. वाणी, तेली, भट, संसारी स्त्री, असे सारे एका टाळावर उभे राहिले. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा आवर्जून सांगते. ज्याने स्वतःचे येणे सोडले, त्याला राजाचे देणे कशाला हवे असणार?

शेवटपर्यंत तुकोबा घरातच राहिले, हेही विसरता कामा नये. त्यांनी भगवी वस्त्रे घेतली नाहीत, मठ स्थापला नाही, शिष्यांकडून गुरुदक्षिणा घेतली नाही. काशी, भागीरथी आणि गंगा या मुलींची लग्ने लावली. महादेव आणि विठोबा ही मुले अंगणात वाढत होती. 1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला त्यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हा वय बेचाळीसच्या आसपास होते आणि जिजाई गरोदर होती. ते सदेह वैकुंठास गेले, ही वारकरी संप्रदायाची दृढ श्रद्धा आहे. त्यांच्या मागे जन्मास आलेला नारायण पित्याचे मुख पाहू शकला नाही. त्याच नारायण महाराजांनी पुढे 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून आषाढी वारीस नेण्याची प्रथा सुरू केली. जिजाईने एकट्याने वाढविलेल्या या मुलाने बापाची वही अशी पुढे चालविली. घराकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप ज्या माणसावर आहे, त्याच्या घराने तीन शतके त्याची वाट सोडली नाही, हे त्या आरोपाला पुरेसे उत्तर आहे.

मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 आणि 1873 मध्ये दोन भागांत गाथा छापली. साडेचार हजारांवर अभंगांची ती गाथा म्हणजे एका दिवाळे निघालेल्या दुकानाची खरी शिल्लक होय. तुकोबांच्या काळी देहूच्या आसपास त्यांच्यापेक्षा श्रीमंत वाणी आणि सावकार कितीतरी असतील. त्यांच्या तिजोऱ्या, त्यांचे वाडे, त्यांची खतपत्रे यांचा आज मागमूस नाही.

गोमंतकाच्या समाजजीवनात व्यापारी वर्गाचे आणि भजनाचे नाते जुने आहे. वास्कोच्या श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहात निरनिराळ्या व्यवसायांची मंडळी आपापले पार घेऊन वाजतगाजत येतात. साखळीच्या विठ्ठलमंदिरात, मडगावच्या दिंडीत दुकानदार, कारागीर, बाजारकर हेच पुढे असतात. ही परंपरा अभिमानास्पद आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. तथापि, ज्या दुकानदाराचे अभंग आपण त्या रात्री गातो, त्याच्या दुकानाची आठवण आपण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवतो काय, हा प्रश्न आजच्या दिवशी तरी स्वतःला विचारावयास हवा. सप्ताहाला मोठी देणगी देऊन फलकावर नाव लावणे सोपे आहे. पण गावातील पाऊस हुकला, मासेमारीचा मोसम बुडाला, घरधनी आजारी पडला, अशा वेळी उधारीच्या वहीतील एखादे पान मुकाट्याने फाडणे अवघड आहे. वजनात चोखपणा ठेवणे, टंचाईत साठा दडवून न ठेवणे, गरजवंताच्या निकडीवर व्याज न चढविणे, ही तुकोबांच्या मते भजनापूर्वीची पूजा होती. ती नसेल तर टाळांचा नाद देवळाच्या कळसापर्यंत जातो, त्यापुढे जात नाही.

सारेच कागद नदीत टाकावेत, असे कोणी म्हणणार नाही. कान्होबाचा संसार तुकोबांनाही कळत होता, आणि धंदा बुडाला तर गावाचेही भले होत नाही. परंतु प्रत्येक वहीत दोन-चार पाने अशी असतात की, ती वसूल करण्यापेक्षा सोडून देण्यातच घराची पत वाढते. ती पाने कोणती, हे मालकाला पक्के ठाऊक असते. आज बीज आहे. आज रात्री देवळातून भजन आटोपून घरी आल्यावर गोमंतकातील एकेका दुकानदाराने आपली वही क्षणभर उघडून त्यांतले एक पान जरी शोधून काढले, तरी देहूच्या त्या वाण्याचे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.